नरसिंहासारखं अर्धं माणूस, अर्धं प्राणी असं पात्र कॉमिकसाठी कसं रेखाटायचं? आधी डोकं काढायचं की धड? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

आधी कथा. पिळदार धडावर सिंहाचं डोकं बसवलेले नरसिंह इंटरनेटवर ढिगाने सापडतात आणि त्यातले बहुतेक मानेत मोडलेले असतात.

हिरण्यकशिपूचं वरदान आठवा. माणूस नको, पशू नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्र नको. चित्रकाराच्या हातात ही तयार यादीच आहे. जमीन आणि आकाश दोन्ही वर्ज्य म्हणून मांडी, शस्त्र वर्ज्य म्हणून नखं. म्हणजे पात्राचे दोन अवयव कथेनेच ठरवून टाकले.

माझा जुना वाद इथेच आहे. ‘वास्तववादी वाटावं’ म्हणून नरसिंहाला सिंहाचे मागचे पाय आणि शेपूट द्या, असं सांगणारे बरेच भेटतात. ते साफ चूक आहेत. सिंह बोटांवर चालतो. लोक ज्याला उलटा गुडघा समजतात ती त्याची टाच असते. त्याची मांडी अंगाला चिकटून असते, त्यामुळे तसा पाय घेऊन त्याला बसवलंत तर समोर मांडीच उरत नाही आणि दैत्य पोटावरून घसरताना दिसतो. ज्या मांडीवर धिप्पाड दैत्य आडवा पडायचा आहे, ती माणसाचीच हवी, लांब आणि आडवी. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातला (इ. स. ५७८) नरसिंह तर उभा आहे, तरी पाय माणसाचेच. म्हणून आधी कंबर आणि मांड्या काढा, मग कणा, मग मान, डोकं शेवटी.

खरी फसगत मानेत होते. माणसाची कवटी कण्याच्या टोकावर ठेवलेली असते, कणा जिथे जोडला जातो ते छिद्र कवटीच्या तळाशी. सिंहाच्या कवटीत ते मागच्या बाजूला असतं. म्हणून माणसाच्या सरळ मानेवर सिंहाचं डोकं जसंच्या तसं ठेवलं की तो आभाळाकडे बघू लागतो, आणि नजर खाली आणायला हनुवटी वाकवली की गळा चिरडतो. उपाय असा: मान खांद्यांमधून पुढे झुकवा, डोक्याइतकी जाड करा, खांद्यापासून कानामागपर्यंतचा स्नायू उंच चढवा. डोकं माणसाच्या सव्वापट ते दीडपट घ्या. चित्रकार माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी धरतात; ती मग पाच ते सहा डोक्यांवर येते, आणि त्या मानाने खांदेही रुंद करावे लागतात, नाहीतर मुखवटा घातलेला माणूस दिसतो.

जोड झाकायला लाजू नका. इजिप्तच्या अनुबिस देवाचं कोल्ह्यासारखं डोकं माणसाच्या धडावर शोभतं, कारण केसांच्या टोपाच्या दोन पट्ट्या छातीवर उतरून मानेचा सांधा लपवतात. आपल्या गणपतीला तर मान जवळजवळ नसतेच. सोंड आणि हार ते काम करतात. नरसिंहाला आयाळ आहे. फक्त तिची कड कॉलरसारखी सरळ कापू नका. तळहाताच्या रुंदीत हळूहळू विरळ करत कातडीत मिसळू द्या.

बारीक चुकाही सांगतो. सिंहाची बाहुली गोल असते. मांजरासारखी उभी फट काढलीत तर तो बोका होतो. कान गोल. राग भुवयांनी नव्हे, नाकपुडीवरच्या आडव्या सुरकुत्यांनी आणि मागे दाबलेल्या कानांनी दाखवा. सिंहाची नखं एरवी आत ओढलेली असतात, त्यामुळे शांत चौकटीत ती दाखवू नका; मग बाहेर आली की वाचकाला कळतं.

शेवटी पूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत लहान करून बघा. मान आणि मांडी त्यात ओळखू आली नाही तर रंग भरण्यात वेळ घालवू नका.

हे सगळं नरसिंहाबद्दल झालं. पात्र तुमच्या कल्पनेतलं असेल तर बोटांवर चालणारे पाय जरूर द्या. मात्र धड किंचित पुढे झुकवा आणि तोलाला शेपूट ठेवा; शरीराच्या भाराची उभी रेषा बोटांच्या गादीवर पडली पाहिजे, नाहीतर तो मागे पडेल. चित्र पूजेसाठी असेल तर हे प्रयोग करू नका, मूर्तिशास्त्राचे नियम पाळा.

सॉफ्टवेअर लेयर (चित्राचे एकावर एक वेगळे थर) असलेलं कोणतंही चालेल. क्रिटा फुकट आहे. पण मानेची रेखाटनं पेन्सिलीने, बाजूने आणि समोरून, किमान वीस तरी करा.