जुन्या नावाखालचं काम

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची ट्रान्स मुलगी, मूळची सोलापूरची. बीसीए करताना चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानासाठी मालाचा साठा नोंदवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. ते अजून वापरात आहे. गेल्या वर्षी पुण्यात आले, नाव बदललं. पण गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, प्रत्येक कमिटला (बदलाच्या नोंदीला) जुनंच नाव दिसतं आणि मुलाखतीत कामाऐवजी त्यावरच बोलणं होतं. सगळं पुसून टाकू का? स्वतःचा छोटा व्यवसायही करायचा आहे.

उत्तर : पुसू नकोस गं. मी पुसलं होतं, दोन वर्षांचं काम, एका रात्रीत. पुढे प्रत्येक ठिकाणी ‘अनुभव शून्य’ सांगावं लागलं. आजही ती रात्र आठवली की जीव तुटतो.

अमेरिकन संगणक अभियंता लिन कॉनवे यांचं नाव ऐकलंयस का? त्या लिंगबदल करणार हे कळल्यावर आयबीएमने 1968 मध्ये त्यांना कामावरून काढलं. संगणकाने एकाच वेळी अनेक सूचना कशा पार पाडाव्यात, यावर त्यांनी तिथे मोलाचं काम केलं होतं. नव्या नावाने पहिल्यापासून सुरुवात करताना त्यांना ते कुणाला सांगता आलं नाही. पुढे चिप रचनेत त्यांनी मोठं नाव कमावलं, पण त्या जुन्या कामाचं श्रेय तीसएक वर्षं अंधारात राहिलं. कंपनीने माफी मागितली 2020 मध्ये. त्यांच्यावर ती वेळ लादली गेली, तू ती आपल्या हाताने ओढवून घेऊ नकोस.

आता उपाय. गिटहबवर वापरकर्ता-नाव बदलता येतं. कमिटमधलं नाव मात्र त्याने बदलत नाही. त्यासाठी ‘मेलमॅप’ नावाची साधी फाइल असते. एका ओळीत नवं नाव, नवा ईमेल आणि शेवटी जुना ईमेल लिहायचा. जुनं नाव लिहायची गरज नाही. पण नुसती फाइल ठेवलीस तर गिटच्या (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या यादीत, नवं नाव दिसेल, गिटहबच्या पानावर जुनंच राहील. रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली जागा) तुझ्या एकटीची आहे, म्हणून ‘गिट फिल्टर-रेपो’ या साधनाला हीच फाइल देऊन सगळा इतिहास नव्या नावाने लिहून घे. आधी पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेव. कमिटचे क्रमांक बदलतील आणि कुणी कोड उतरवून घेतला असेल तर त्यांना तो पुन्हा घ्यावा लागेल.

व्यवसायाचं म्हणशील, तर आधी कागद. माझा पहिला 18 हजारांचा चेक नव्या नावाने आला, खातं जुन्या नावाचं. बँकेने परत पाठवला आणि ते पैसे हाती यायला तीन महिने लागले. घरभाडं उसनं घेऊन भरलं. म्हणून 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याखालचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आधी, मग आधार, पॅन, बँक. पॅनच्या अर्जात 2018 पासून ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला एक रुपयाही देऊ नकोस. नुसत्या सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल 20 लाखांवर जाईपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

आणि त्या दुकानदाराकडून पत्र घे : हे सॉफ्टवेअर हिने लिहिलं, आमच्याकडे रोज चालतं. नवं नाव सांगताना जीभ अडखळेल, माझीही अडखळली होती. आधी मेसेज टाक, मग फोन कर.