बी.एड. कॉलेजातून अमेरिकेत एज्युकेशनल सायकॉलॉजीची प्रोफेसर व्हायचं असेल तर

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. तुम्ही नाशिकला बी.एड. कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) मानसशास्त्राचा पेपर शिकवताय, एम.एड. आणि नेट झालंय, पीएच.डी. अजून नाही, वय ३४, घरी नवरा आणि सहा वर्षांची मुलगी, आणि विचारताय की अमेरिकेत एज्युकेशनल सायकॉलॉजीची प्रोफेसर म्हणून थेट अप्लाय करता येईल का. मी कोल्हापूरची, एम.एड. तिकडचंच, आता इथे मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत होणाऱ्या शिक्षकांना हाच विषय शिकवते, त्यामुळे जे माहितेय ते सगळं लिहिते, लांबेल पण वाचा.

थेट नोकरी मिळणार नाही. नेट-सेट इथे कुणाला माहीत नसतं, असिस्टंट प्रोफेसरला पीएच.डी. लागतेच, आणि भारतातली पीएच.डी. चालत नाही असं नाही पण सिलेक्शन कमिटी जे बघते ते म्हणजे चांगल्या जर्नलमधले पेपर, स्टॅटिस्टिक्सवरची पकड आणि इथल्या शाळांशी आलेला संबंध, आणि हे तिन्ही नाशिकला बसून जमवणं फार अवघड आहे. म्हणून तुमच्यासाठी रस्ता एकच, फंडेड पीएच.डी. त्यात आता व्हिसाची भानगड वाढलीय. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली, ती देशाबाहेरून येणाऱ्यांना लागते, इथेच शिकून एफ-वनवरून, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरून, स्टेटस बदलणाऱ्यांना नाही असं नंतर स्पष्ट झालं. कुठलं कॉलेज ऑफ एज्युकेशन तुमच्यासाठी तेवढे पैसे भरणार?

अप्लाय करायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. एज्युकेशनल सायकॉलॉजी आणि स्कूल सायकॉलॉजी हे इथे दोन वेगळे व्यवसाय आहेत. स्कूल सायकॉलॉजिस्ट शाळेत बसून मुलांच्या टेस्ट घेतो, स्पेशल एज्युकेशनसाठी आयईपीच्या, म्हणजे त्या मुलासाठी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या, मीटिंगला बसतो, त्याला राज्याचं लायसन्स लागतं आणि किमान १२०० तासांची इंटर्नशिप असते. आपण ज्याबद्दल बोलतोय त्याला लायसन्स नाही, ते संशोधन आणि शिकवणं. (आणि ब्रिटनमध्ये एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट म्हणजे इथल्या स्कूल सायकॉलॉजिस्टचं काम, तिकडे एचसीपीसी या नियामक संस्थेकडे रजिस्टर झाल्याशिवाय तसं म्हणवून पण घेता येत नाही, त्यामुळे तिकडच्या कुणाचा सल्ला इथे लावू नका.) बऱ्याच युनिव्हर्सिटीत दोन्ही प्रोग्राम एकाच डिपार्टमेंटमध्ये असतात आणि फॉर्म भरताना चुकीचा बॉक्स टिक होतो, ते नीट बघा.

पीएच.डी.ला साधारण चार-पाच वर्षं लागतात. असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता युनिव्हर्सिटीत शिकवायचं किंवा संशोधनाचं काम, मिळाली की ट्यूशन माफ आणि वर स्टायपेंड, वर्षाला साधारण १८ ते ३० हजार डॉलर, गावानुसार. स्वतःच्या पैशाने किंवा लोन काढून ही पीएच.डी. अजिबात करू नका, या विषयात नंतर मिळणाऱ्या पगारात ते कर्ज फिटायला आयुष्य जाईल. घरी सगळ्यात आधी हे बोला की तुम्ही एफ-वनवर आलात तर नवरा एफ-टूवर, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर, येणार आणि एफ-टूवर काम करता येत नाही, अजिबात नाही, त्याची कंपनी तयार असली तरी इथे बसून करायचं रिमोट काम पण वकिलाला विचारल्याशिवाय नको. मुलीला सरकारी शाळा फुकट मिळते. एका स्टायपेंडवर तिघांनी राहायचं म्हणजे युनिव्हर्सिटीचं फॅमिली हाउसिंग शोधायचं आणि मोठ्या शहरांचा नाद सोडायचा, मॅडिसन, अर्बाना, ईस्ट लान्सिंगसारखी युनिव्हर्सिटीची गावं, जिथे या विषयाचे जुने, नावाजलेले प्रोग्राम पण आहेत.

आता खरं काम काय असतं ते सांगते, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही.

बी.एड.ला आपण जे शिकवतो, पियाजे, व्हायगॉट्स्की, बँड्युरा या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत, प्रेरणा, मूल्यमापन, ते इथेही आहेच, नावं तीच. फरक असा की इथे होणारा शिक्षक सिद्धांत लिहून पास होत नाही, त्याला तो वर्गात दाखवावा लागतो आणि आपण मागे बसून बघायचं असतं. मी तिसरीच्या वर्गात मागच्या छोट्या खुर्चीत वही घेऊन बसते. माझी विद्यार्थिनी फळ्यावर पट्टी काढून विचारते, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? आणि लगेच, एका सेकंदात, समोर हात वर असलेल्या मुलाचं नाव घेते. बाकीची वीस मुलं तिथेच विचार करायची थांबतात, खिडकीजवळच्या मुलीने बोटावर काहीतरी मोजायला घेतलेलं असतं ते ती सोडून देते. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलतात. हे मी लेक्चरमध्ये सांगितलेलं असतं, परीक्षेत सगळ्यांनी बरोबर लिहिलेलं असतं. तास संपल्यावर आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून त्या एका प्रश्नाबद्दल बोलतो, आणि पुढच्या वेळी ती मनात आकडे मोजत थांबते आणि खिडकीजवळची मुलगी हात वर करते. माझ्या मते आपल्या विषयाचं अख्खं काम इथे होतं.

म्हणून मी तुम्हाला सगळ्यात जास्त जे सांगणार ते हे, की इथे आल्यावर पहिल्या सेमिस्टरपासून शाळांमध्ये जा. लॅब आणि डेटामध्ये बुडालेले खूप पीएच.डी.वाले बघितलेत ज्यांनी इथली तिसरी-चौथी कधी आतून पाहिलीच नाही, आणि मग नोकरीच्या इंटरव्ह्यूत एखाद्या जुन्या प्रोफेसरने विचारलं की बाविशीतल्या मुलीला वर्ग सांभाळायला तुम्ही कसं शिकवाल, की शांतता. फिंगरप्रिंट आणि बॅकग्राउंड चेक करून घ्या, स्टुडंट टीचर सुपरव्हाइज करायची असिस्टंटशिप मागून घ्या, पैसे रिसर्च असिस्टंटएवढेच असतात पण लोक ती टाळतात. भारतातून आलेल्या माणसाला हे दुप्पट लागू, कारण आपल्या डोक्यात साठ मुलांचा वर्ग आणि पाठ टाचण असतं, इथे वर्गात वीस-पंचवीस, त्यात दोघा-चौघांचा आयईपी, दोघांची घरची भाषा स्पॅनिश.

तुमचा अनुभव वाया जात नाही पण. सूक्ष्म पाठ, म्हणजे एकेका कौशल्याचे छोटे सराव पाठ, घेता ना तुम्ही? ते १९६३ च्या सुमाराला स्टॅनफर्डमध्येच ड्वाइट ॲलन यांनी सुरू केलं, इथे मधे मागे पडलं आणि आता छोट्या छोट्या कृतींची रिहर्सल म्हणून पुन्हा आलंय. तुम्ही वर्षानुवर्षं मुलांकडून ते करून घेतलंय, एसओपीमध्ये (अर्जासोबत द्यायच्या निवेदनात) पहिल्या परिच्छेदात ते लिहा, "मला लहानपणापासून शिकवायची आवड" वगैरे नको. आणि लर्निंग स्टाइल्स म्हणजे दृश्य-श्राव्य शिकणारी मुलं हे आपण बी.एड.ला बिनधास्त शिकवतो, ते एसओपीत किंवा इंटरव्ह्यूत शास्त्र म्हणून मांडू नका. २००८ मध्ये पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे तपासले आणि त्या पद्धतीने शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. इथल्या शिक्षकांचाही त्यावर अजून विश्वास आहे, तो काढणं हे आपलंच काम.

नोकरीचं सांगायचं तर जाहिराती ऑगस्ट ते नोव्हेंबर, मग झूम, मग दीड-दोन दिवस कॅम्पसवर, त्यात जॉब टॉक (आपल्या संशोधनावरचं भाषण) आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवायचा. रिजनल स्टेट युनिव्हर्सिटीत सुरुवातीला साधारण ६० ते ७५ हजार डॉलर, तेही ९ महिन्यांचे, उन्हाळ्यात कोर्स घेतला तर वेगळे. रिसर्च युनिव्हर्सिटीत सेमिस्टरला दोन कोर्स, आमच्यासारखीकडे तीन किंवा चार. सहाव्या वर्षी टेन्युअरची, म्हणजे कायम होण्याची, फाइल, नाही मिळालं तर एक वर्ष आणि मग बाहेर. युनिव्हर्सिटीला एच-वन-बीची लॉटरी नसते हा मोठा दिलासा, आणि शिकवण्याच्या पदासाठी ग्रीन कार्डची लेबर सर्टिफिकेशन (कामगार खात्याची मंजुरी) सिलेक्शनपासून १८ महिन्यांत टाकावी लागते, ती तारीख एचआर विसरतं, तुम्ही विसरू नका. ईबी-टू या ग्रीन कार्डच्या वर्गात भारतीयांची रांग दहा वर्षांच्या वर आहे.

आणि काळ कठीण आहे हे लपवणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत फेडरल शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, आयईएसची, जवळपास ९० कोटी डॉलरची कॉन्ट्रॅक्ट रद्द झाली, शिक्षक प्रशिक्षणाच्या ग्रँट गेल्या, मार्चमध्ये खात्यातले निम्मे लोक कमी केले. त्याचा परिणाम असिस्टंटशिपवर होतो, म्हणून ऑफर आली की लेखी विचारा, फंडिंग किती वर्षांचं आणि कुठून, ग्रँटमधून की डिपार्टमेंटकडून. डिपार्टमेंटचं असेल तर बरं. १५ एप्रिलपर्यंत बहुतेक ठिकाणी विचार करायला वेळ देतात, घाईने हो म्हणू नका.

आत्ता करायचं ते: आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शिकायला घ्या, मल्टिलेव्हल मॉडेलपर्यंत, कारण मुलं वर्गात आणि वर्ग शाळेत असतात आणि आपला सगळा डेटा तसाच येतो. डब्ल्यूईएसकडून आपल्या पदव्यांचं इव्हॅल्युएशन, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा. चार-पाच प्रोफेसर शोधा जे टीचर लर्निंगवर काम करतात, त्यांचे अलीकडचे पेपर वाचून मगच मेल करा. अर्जाच्या डेडलाइन बहुतेक १ डिसेंबरच्या आसपास असतात. एसओपीचा पहिला ड्राफ्ट सप्टेंबरच्या आत मला पाठवा, मी ओळन् ओळ वाचून देईन, फक्त तो स्वतः लिहिलेला हवा, एजंटकडून नको.