लग्न नाही झालं, मग लेडी डॉक्टरकडे कशी जाऊ?

नागपूरला अमरावती रोडकडे रूम करून राहणारी, एमएस्सी करणारी गोंदियाकडची एक मुलगी, माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). बोलता बोलता सारखी पोट धरून वाकत होती, रुमाल काढताना बॅगेतून पेनकिलरची स्ट्रिप पडली, एकच गोळी उरलेली. पाळी आहे का विचारलं तर नाही म्हणे. मग म्हणाली, मॅडम दार लावता का, आणि सगळं निघालं, दोन आठवड्यांपासून ओटीपोट दुखतंय, अंगावरून पिवळसर जातं, वास येतो, मधे तापही येऊन गेला, आणि हो, बॉयफ्रेंड आहे.

"पण माझं लग्न नाही झालं ना, लेडी डॉक्टरकडे कशी जाऊ? बर्डीत, बाजारात कोणी पाहिलं तर घरी फोन जाईन."

हा प्रश्न मला खूप मुली विचारतात, आणि या भीतीपायीच उशीर होतो याचं मला फार वाईट वाटतं. तिनं रूममेटच्या सांगण्यावरून मेडिकलमधून वॉश आणून आतून धुणं चालवलं होतं. ते आधी बंद करायला लावलं, कारण आतल्या चांगल्या जंतूंची घडी त्यानं बिघडते, बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की पुरे. टॉयलेट सीटमुळे झालं असेल का, हेही तिनं विचारलं. तसं नसतं. हे गर्भाशय आणि नळ्यांचं इन्फेक्शन, याला पीआयडी म्हणतात. क्लॅमिडिया, गोनोरिया असे जंतू संबंधातून येतात, दुसरेही काही असतात, ते गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात आणि गर्भनलिकांपर्यंत जातात. पंचविशीच्या आतल्या मुलींमधे धोका जास्त असतो, आणि कित्येकींना दुखत पण नाही. तसंच राहिलं तर नळीत व्रण राहतात, मग पुढे मूल राहायला त्रास, किंवा गर्भ नळीतच राहणं, किंवा वर्षानुवर्षं ओटीपोट दुखणं. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात कळ, चक्कर, किंवा खूप ताप आणि उलट्या असं असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री कॅज्युअल्टीत जायचं.

घरी कळण्याचं म्हणाल तर अठरा पूर्ण असलेल्या मुलीची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय डॉक्टरनी घरी सांगायची नसते. तपासायला लेडी डॉक्टर मागता येते, आतून तपासणी नको वाटली तर थांबा म्हणता येतं. मोठ्या सरकारी दवाखान्यांमधे सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं अशाच इन्फेक्शनचं काम चालतं, औषध फुकट, आणि १०९७ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून विचारताही येतं. मी सोबत गेले. डॉक्टरनी आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली, कारण नळीतला गर्भ असला तरी असंच दुखतं. ती निगेटिव्ह. सोनोग्राफी नॉर्मल आली तर तिला वाटलं काहीच नाही, पण डॉक्टर म्हणाल्या की नॉर्मल सोनोग्राफीनं इन्फेक्शन नाही असं ठरत नाही. एक इंजेक्शन आणि १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या, तीन दिवसांनी परत बोलावलं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबलं तशी ती गोळ्या सोडायला निघाली होती, बरं झालं फोनवर बोलली, कोर्स पूर्ण करायला लावला.

मग बॉयफ्रेंड. तो म्हणे, मला तर काहीच होत नाहीये, मी काऊन गोळ्या घेऊ. मुलांना बरेचदा काही जाणवतच नाही, पण त्यानं औषध नाही घेतलं तर हिला परत होणार, म्हणून दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नाही आणि पुढे कंडोम, हे तिनंच त्याला माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं. दोन दिवस रुसला, मग गेला तपासायला.

मूल होईल ना मॅडम, हे तिनं शेवटी विचारलं. एकदा झालं, वेळेवर कोर्स पूर्ण झाला तर बहुतेकींना पुढे त्रास होत नाही, परत परत झालं की धोका वाढतो, असं डॉक्टरनीच तिला बसवून सांगितलं. आता ती ठीक आहे, सेमिस्टरचे पेपर दिले. आईला सांगायचं का ते अजून ठरत नाहीये तिचं, मीही घाई करत नाहीये.