वाचकांचे प्रश्न : मोह, पतन आणि परत येण्याची वेळ

प्रश्न : मी तरुणपणीच प्रभू येशूवर विश्वास ठेवला आणि आज मंडळीत मुलांना बायबल शिकवतो. परंतु रात्री एकटा असताना मोबाइलवर अश्लील दृश्ये पाहण्याची सवय काही केल्या सुटत नाही. प्रत्येक वेळी रडून क्षमा मागतो, पुन्हा असे करणार नाही अशी शपथ घेतो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच घडते. आता तर प्रार्थनेला बसण्याचीही लाज वाटते. माझा विश्वास मुळातच खोटा आहे का? देवाच्या सहनशीलतेचा अंत मी पाहिला आहे का?

उत्तर : आपल्या शेवटच्या भीतीपासूनच सुरुवात करतो, कारण ती दूर झाल्याशिवाय पुढचे काहीही आपल्या मनापर्यंत पोहोचणार नाही. ज्याला पापाचे काहीच वाटेनासे झाले आहे, तो असे पत्र लिहीत नाही. जे चांगले करावेसे वाटते ते आपल्या हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच घडते, असा आक्रोश प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात केला आहे, आणि जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, हे आठव्या अध्यायाचे पहिलेच वाक्य त्याच लेखणीतून उतरले आहे. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, असा प्रश्न विचारून त्याला ठाम नकारही त्यानेच सहाव्या अध्यायात दिला आहे. ही तीनही वचने एकत्र वाचावीत. एकच उचलले तर माणूस एक तर निराश होतो किंवा निर्ढावतो.

आपल्या पत्रातील मला सर्वांत गंभीर वाटलेले वाक्य रात्रीच्या मोबाइलविषयीचे नाही. प्रार्थनेला बसण्याची लाज वाटते, हे ते वाक्य आहे. पाप करण्यापूर्वी जो आवाज ‘एवढ्याने काय बिघडते’ असे कानाशी कुजबुजतो, तोच पाप घडल्यानंतर ‘आता देवाला कोणत्या तोंडाने सामोरा जाशील’ असे विचारतो. पहिल्या वेळी तो आवाज ओळखायला आपण शिकलो आहोत. दुसऱ्या वेळी मात्र आपण त्यालाच सद्सद्विवेकबुद्धी समजून बसतो. खरी सद्सद्विवेकबुद्धी माणसाला देवाकडे ढकलते. जो दोषभाव आपल्याला प्रार्थनेपासून दूर ठेवतो, तो कितीही धार्मिक वाटला तरी पवित्र आत्म्याकडून आलेला नाही.

दावीद राजाचे पतन शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. तो अध्याय आपण सावकाश, एकेक क्रियापद पाहत वाचावा. राजे लढाईस निघतात त्या ऋतूत दावीद मागे राहिला. संध्याकाळी तो पलंगावरून उठला, गच्चीवर फिरू लागला, त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. इथवर जे घडले ते कोणाच्याही बाबतीत घडू शकते. मग त्याने चौकशी केली. ती उरीयाची पत्नी आहे असे उत्तर आले, आणि उरीया हा कोणी अनोळखी माणूस नव्हता, दावीदाच्या निवडक वीरांच्या यादीत त्याचे नाव आहे. म्हणजे थांबण्यासाठी जे कारण पुरेसे असायला हवे होते, ते शब्दांत त्याच्यासमोर आले होते. तरीही त्याने माणसे पाठवली. दिसणे आणि पाठवणे यांच्यामध्ये वळण्याच्या किमान दोन जागा होत्या, आणि प्रत्येक पावलाबरोबर वळणे अधिक अवघड होत गेले. याकोबाच्या पत्रातील पहिला अध्याय हाच क्रम सांगतो: वासना ओढते आणि भुलवते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पापाची वाढ झाल्यावर त्यातून मरण उपजते.

परंतु या कथेचा दुसरा भाग मला अधिक भयंकर वाटतो. दावीदाने ताबडतोब देवापुढे गुडघे टेकले असते तर उरीया जिवंत राहिला असता. त्याऐवजी त्याने लपवायला सुरुवात केली. उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतले, घरी पाठवण्याचा प्रयत्न केला, दारू पाजली, आणि काहीच साधेना तेव्हा त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचा आदेश असलेले पत्र दिले. नाथान संदेष्टा दारात येऊन उभा राहिला तोवर बाळ जन्माला आले होते. म्हणजे कित्येक महिने राजा गप्प होता. त्या काळात तो दरबारात बसत होता, न्याय करत होता, आणि उपासनाही नित्यनेमाने चालूच असणार. गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे झिजली, असे 32 व्या स्तोत्रात तो म्हणतो. आणि ज्या दिवशी ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ एवढे त्याच्या तोंडून निघाले, त्याच श्वासात नाथानाने परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे असे उत्तर दिले. पापाचे परिणाम टळले नाहीत, त्याचे दुःख त्याला आयुष्यभर भोगावे लागले. पण क्षमेसाठी एक दिवसही थांबावे लागले नाही. उशीर सगळा दावीदाच्या बाजूने झाला होता.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे आहे की, पडल्यानंतर परत यायला आपण जो वेळ लावता तो आधी कमी करा. तीन दिवस स्वतःला शिक्षा करून मग प्रार्थनेला बसणे म्हणजे आपल्या दुःखाने क्षमेची किंमत चुकवण्याचा प्रयत्न आहे, आणि ती किंमत वधस्तंभावर आधीच चुकवली गेली आहे. आपण पाप कबूल केले तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करील आणि शुद्धही करील, हे योहानाच्या पहिल्या पत्रातील वचन विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे. त्याच रात्री, त्याच खोलीत, शब्द सुचत नसले तरी 51 वे स्तोत्र मोठ्याने वाचा आणि झोपा. सकाळी कामाला लागा.

आता लढाईविषयी. आपण शपथ घेता, यात आपला प्रामाणिकपणा दिसतो, पण शपथेवर फार विसंबू नये असे मला वाटते. सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे प्रभूचा शिष्य पेत्रही म्हणाला होता, आणि ते तो मनापासून म्हणाला होता. त्याच रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने त्याला परीक्षेत पडू नये म्हणून जागे राहून प्रार्थना करायला सांगितले, तेव्हा तो झोपी गेला. काही तासांनी थंडीत कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा असताना एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे तो कोसळला आणि मी येशूचा शिष्य नाही असे म्हणाला. विस्तवाशी उभे राहिल्यावर काय बोलावे याची तयारी गेथशेमाने बागेत व्हायची होती. मोहाच्या क्षणी इच्छाशक्ती सर्वांत दुबळी असते. निर्णय त्याआधी, मन शांत असताना घ्यावा लागतो.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (इ. स. 354 ते 430) याने आपल्या आत्मकथनात तरुणपणीची स्वतःची प्रार्थना नोंदवली आहे: मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. ती प्रार्थना आपण सर्वांनीच कधी ना कधी, शब्दांत नसली तरी मनात, केलेली असते. 386 मध्ये मिलान येथे त्याच्या मनाची उलघाल टोकाला गेली असताना रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळी त्याने वाचल्या: प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका. पुढच्या वर्षी त्याचा बाप्तिस्मा झाला. आपण सध्या कोणती तरतूद करून ठेवली आहे, ते पाहा. रात्री मोबाइल उशाशी असतो, दार बंद असते, दिवसभराचा थकवा किंवा कोणाशी झालेली कुरबूर मनात असते. मोबाइल झोपण्याच्या खोलीत न नेणे, गजरासाठी साधे घड्याळ वापरणे, घरातील कोणाला तरी मोबाइलचा ताबा देणे, या गोष्टी आध्यात्मिक वाटत नाहीत. पण मोह घालणाऱ्या आपल्या धन्याच्या, म्हणजे पोटीफराच्या, पत्नीच्या हाती वस्त्र सोडून पळणारा योसेफ तरी त्या क्षणी दुसरे काय करत होता? ती दररोज त्याच्या मागे लागत असे आणि तो तिच्याजवळ बसण्यासही नकार देत असे, असे उत्पत्तीच्या 39 व्या अध्यायात लिहिले आहे. शेवटच्या दिवशीच्या पळण्यामागे रोजचा तो नकार होता. आणि एवढे करूनही त्याला बक्षीस मिळाले नाही, तुरुंग मिळाला, हेही लक्षात असू द्यावे; आज्ञा पाळली की लगेच मन हलके होईल अशी अपेक्षा ठेवू नये. सवय सुटताना सुरुवातीचे दिवस रिकामे आणि चिडचिडीचे जातात. ती रिकामी जागा वचनाने, झोपेने, चांगल्या सोबतीने भरली नाही, तर झाडून नीटनेटके केलेल्या रिकाम्या घरात आणखी सात दुष्ट आत्मे घेऊन परतणाऱ्या अशुद्ध आत्म्याविषयी प्रभूने सांगितलेला दृष्टान्त खरा ठरतो.

एक काम मात्र आपल्याला सर्वांत जड जाणार आहे, आणि तेच मी सर्वांत आग्रहाने सांगतो. हे एका माणसाला सांगा. याकोब आपल्याला एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो. आपल्या परंपरेत धर्मगुरूंसमोर पापकबुलीचा संस्कार असेल तर तिथे जा. नसेल तर आपले पाळक किंवा वयाने व विश्वासाने प्रौढ असा एखादा बंधू निवडा, जो ऐकून दचकणार नाही आणि हसण्यावारीही नेणार नाही. मुलांना शिकवण्याची सेवा सुरू ठेवावी की काही काळ थांबावी, हा निर्णय आपण एकट्याने, लाजेच्या भरात घेऊ नका; आपल्या पाळकांना सर्व सांगून तो त्यांच्यावर सोपवा आणि ते जे सांगतील ते माना. सवय व्यसनाच्या पातळीला गेली असे वाटत असेल तर जाणकार समुपदेशकाची मदत घ्यावी. तसे करणे म्हणजे विश्वासात कमी पडणे नव्हे.

पेत्र पडणार हे प्रभूला ठाऊक होते, आणि तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, असे त्याने पेत्राला आधीच सांगून ठेवले होते. ‘तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर,’ असेही तो म्हणाला. पैशांसाठी प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. त्याने चांदीची ती 30 नाणीसुद्धा परत केली. पण तो याजकांकडे गेला आणि तिथून एकटाच निघून गेला. पेत्र रडला, आणि तिसऱ्या दिवशी तो इतर शिष्यांच्या सोबतच होता.

प्रश्न : माझ्या मनात अचानक राग, हेवा किंवा घाणेरडे विचार येतात आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहते. मोह होणे हेच पाप आहे का?

उत्तर : नाही. आपला प्रमुख याजक येशू सर्व बाबतींत आपल्याप्रमाणेच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस पत्रात स्पष्ट म्हटले आहे. मोह होणे हेच पाप असते तर ते वाक्य लिहिताच आले नसते. 40 दिवसांच्या उपासानंतर प्रभूला लागलेली भूक खरी होती आणि धोंड्यांच्या भाकरी करण्याचा विचार त्याच्यापुढे खरोखर ठेवला गेला. तिन्ही वेळा त्याने बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनांनी उत्तर दिले. सैतानानेही एकदा 91 व्या स्तोत्राचा आधार घेतला होता, त्यामुळे नुसते वचन पाठ असणे पुरेसे नाही, ज्याचे ते वचन आहे त्याच्यावरचा भरवसाही हवा.

विचार मनात येणे आणि त्याला बसायला आसन देणे यांतला फरक आपल्याला अनुभवाने कळतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने कामेच्छा मनात धरून पाहणाऱ्याला दोषी ठरवले. जे नकळत दृष्टीस पडले त्याबद्दल नव्हे. विचार आला की त्याच्याशी वाद घालत बसू नका आणि तो का आला याची चौकशीही करू नका. एका ओळीची प्रार्थना करून हातातल्या कामाकडे वळा. अतिसंवेदनशील मनाची माणसे स्वतःच्या मनाकडेच इतकी पाहत राहतात की ख्रिस्ताकडे पाहायला त्यांना सवड उरत नाही, आणि आपल्या पत्रावरून मला तीच काळजी वाटते.

प्रश्न : पवित्र जीवन जगायचे असेल तर विश्वास न ठेवणाऱ्या मित्रांची संगत सोडावी का? माझे काही मित्र मद्यपान करतात आणि त्यांच्या गप्पाही चांगल्या नसतात.

उत्तर : शिष्यांना जगातून काढून घ्यावे अशी नव्हे, तर त्यांना वाइटापासून राखावे अशी प्रार्थना प्रभूने योहानाच्या सतराव्या अध्यायात केली. तो स्वतः जकातदारांच्या पंक्तीला बसला आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. पौलानेही करिंथकरांना स्पष्ट केले की, जगातील पापी माणसांशी संबंधच ठेवायचा नाही असे ठरवले तर जगाबाहेर जावे लागेल.

तरीही प्रत्येकाने आपला दुबळेपणा ओळखावा. मद्याची ओढ ज्याला आहे त्याने त्या बैठकीला जाऊ नये; त्याच मित्राला दुसऱ्या वेळी, दुसऱ्या ठिकाणी भेटावे. आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाच्या कर्मांची जी यादी आहे, तिच्यातील सुमारे निम्मी पापे वैर, कलह, मत्सर, राग, तट आणि फुटी अशा प्रकारची आहेत. ती मद्याच्या बैठकीत जितकी सापडतात तितकीच उपासनेनंतरच्या आपल्या बोलण्यातही सापडतात, आणि तिथे त्यांना कोणी मोह म्हणत नाही. मित्रांपासून दूर राहून आपण मंडळीतील एखाद्याची निंदा ऐकत बसलो, तर फक्त पापाचे ठिकाण बदलले. मित्राच्या आजारपणात, अडचणीत त्याच्याजवळ जा, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, आणि ज्या गप्पांत भाग घेणे आपल्याला पटत नाही त्या सुरू झाल्या की उपदेश न करता उठून या. आपण का उठलात हे तो एक दिवस विचारील, तेव्हा सांगा.