जोडफोटो : वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरू लागला की सह्याद्रीत काढलेले पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून केलेले रुंद फोटो, माझ्याकडे येऊ लागतात, आणि त्यांच्यासोबत दरवर्षीचेच प्रश्न. त्यातले काही इथे घेतो.

प्रश्न : शेजारच्या दोन फोटोंत सामाईक भाग किती ठेवावा?

उत्तर : एक तृतीयांश.

प्रश्न : पोलरायझर (आकाश गडद करणारा, लेन्सपुढचा फिल्टर) लावून रुंद पॅनोरमा काढला, तर आकाशात मधोमध काळपट पट्टा आला. दुकानदार म्हणतो, फिल्टर हलका आहे, भारीतला घ्या.

उत्तर : घेऊ नका. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश पोलरायझरने सर्वांत गडद होतं, बाकीचं कमी. फिल्टर कितीही महाग असला तरी रुंद चौकटीत हा फरक दिसणारच. काढून ठेवा.

प्रश्न : कासच्या पठारावर अगदी पुढ्यात तेरडा आणि मागे डोंगररांग, असे फोटो जोडले. डोंगर जुळले, पण फुलांचे देठ तुटले, काही फुलं दोनदा आली. मित्र म्हणतात, विकतचं सॉफ्टवेअर घे.

उत्तर : सॉफ्टवेअरचा यात दोष नाही. ही ऐकीव माहिती कोण पसरवतं कळत नाही. तिच्यापायी लोक हजारो रुपये घालवतात. खरं कारण पॅरलॅक्स : बघण्याची जागा सरकली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूसमोर सरकलेली दिसते. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाशी असतो, पण फिरवायचं असतं लेन्सच्या आतल्या एका बिंदूभोवती, आणि तो बहुधा स्क्रूच्या बराच पुढे असतो. हे अंतर 8 सेंमी धरा. कॅमेरा 20 अंश वळवला की लेन्स जवळजवळ 3 सेंमी बाजूला सरकते. अर्ध्या किलोमीटरवरच्या डोंगराला त्याने एका पिक्सेलचाही फरक पडत नाही. दोन फुटांवरचा तेरडा मात्र मागच्या डोंगरासमोर अडीच अंशांहून जास्त सरकतो. दोन्ही फोटोंत फूल वेगळ्या ठिकाणी आहे. सॉफ्टवेअरने कुठलं खरं मानायचं?

उपाय घरी करा. जवळ एक आणि लांब एक अशा दोन काठ्या उभ्या करून एका रेषेत आणा. मग कॅमेरा असा वळवा की त्या आधी चौकटीच्या डाव्या कडेला, नंतर उजव्या कडेला दिसतील. रेषा मोडली तर स्लाइडिंग रेलवर (ट्रायपॉडवर बसणारी, कॅमेरा मागेपुढे सरकवायची पट्टी) कॅमेरा मागे घ्या, पुन्हा बघा. मोडायची थांबली की रेलवर खूण करा. झूम बदलला की खूणही बदलते. रेल घेण्याआधी आपला कॅमेरा आणि लेन्स एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराला दाखवा, कारण लेन्सगणिक लागणारी लांबी वेगळी. पुढ्यात काहीच नसेल, फक्त दूरचे डोंगर असतील, तर हे काही लागत नाही. हातात धरूनही चालतं. आणि वाऱ्याने हलणारी फुलं रेलनेही जुळणार नाहीत. वारा पडेपर्यंत थांबा. फुलांत पाय मात्र घालू नका.

प्रश्न : भिंतीसाठी सहा फुटी प्रिंट हवी आहे. लॅबवाले म्हणतात, जादा पैसे द्या, फाइल 300 डीपीआय करून देतो.

उत्तर : डीपीआय म्हणजे छापताना इंचाला किती ठिपके; तो आकडा बदलून फोटोत नवा तपशील येत नाही. असे पैसे देऊ नका. भिंतीवरच्या प्रिंटला इंचाला 150 पिक्सेल पुरतात, म्हणजे 72 इंचांना 10,800. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला तर एक फोटो 4,000 पिक्सेल रुंद. एक तृतीयांश सामाईक ठेवून चार फोटो जोडले की सुमारे 12,000 होतात. आधी एक फूटभर तुकडा छापून घ्या आणि कागदाबद्दल छपाई करणाऱ्याशी समक्ष बोला.

प्रश्न : ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला आहे. रायगडावर उडवला तर चालेल ना? ग्रुपवर चालतं म्हणतात.

उत्तर : ग्रुपवर विसंबू नका. हलक्या ड्रोनला मिळणारी वजनाची सवलत वेगळी, संरक्षित स्मारकावरची परवानगी वेगळी. आधी पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा. ट्रायपॉडचंही त्याच पत्रात विचारा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कोकणकड्यावर ऑटोवर काढलेले फोटो आता जोडले. आकाशात उभे पट्टे दिसतात. निघतील?

उत्तर : ऑटोवर प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वेगळं पडलं. पहिल्या फोटोआधी एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) आणि फोकस मॅन्युअल करायला हवे होते. त्याच संध्याकाळी जोडून पाहिले असते तर दुसऱ्या दिवशी कड्यावरच पुन्हा काढता आले असते. रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) असतील तर आशा आहे : सगळ्यांचं व्हाइट बॅलन्स एकच करा, मग हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. ते मोफत आहे आणि एक्स्पोजरमधला फरक जुळवतं. नुसते जेपेग (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून, आकार लहान करून दिलेले फोटो) असतील आणि ढग पांढरेफटक जळले असतील तर तेवढा भाग गेला. तरी मूळ फाइल्स पुसू नका. त्यांची प्रत काढून याच आठवड्यात एखाद्या जाणकाराला दाखवा.