उत्तर: गुण वाढले, पण मुलं खऱ्या बातमीलाही ‘फेक’ म्हणतात

तुमची आठवीची मुलं खोट्या बातम्या ओळखायच्या खेळात झकास गुण घेतात, पण वर्गात पेपर उघडला की धड बातमीलाही ‘फेक आहे सर’ म्हणतात, हे वाचलं आणि आमचेच दिवस आठवले. एकच विचारते: तुमच्या खेळाच्या पत्त्यांत (एका पत्त्यावर एक बातमी, खरी की खोटी ते मुलांनी सांगायचं) खऱ्या बातम्या किती आहेत? माझा अंदाज, जवळजवळ नाहीतच.

आम्ही वाचनालयातर्फे शाळांत हा खेळ घ्यायचो. आमचा संच निम्मा खरा, निम्मा खोटा होता. परवानगीसाठी तो एका कार्यालयात गेला (नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात). साहेबांनी खऱ्या बातम्यांवर लाल पेन फिरवला. ‘खोटं ओळखायला शिकवताय ना, मग खऱ्याचं काय काम? उगाच वाद नको.’ लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, तो पत्ताही गेला. का, तर ‘मुलांना खोटा वाटेल’. अहो, त्यासाठीच तर ठेवला होता! पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं होतं, म्हणजे पडताळायलाही सोपा. पण फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. परत आली तोवर सत्र संपत आलं होतं, मग तोच कापलेला संच घेऊन जावं लागलं. दोन-चार पत्त्यांतच मुलांना किल्ली सापडली: काहीही येवो, ‘खोटं’ म्हणा, गुण घ्या. शेवटच्या चाचणीत गुण भरघोस. कार्यालय खूश, फोटो काढले, अहवाल गेला. पुढे त्याच शाळेतून तुमच्यासारखीच तक्रार आली आणि ती मात्र आमच्या नावावर.

असो. हे फक्त आपल्याकडचं नाही. केंब्रिजच्या संशोधकांचा २०१८ चा ‘बॅड न्यूज’ हा ऑनलाइन खेळ तुम्ही खेळला असालच. खेळाडूनेच खोट्या बातम्या पसरवायच्या आणि सहा बिल्ले मिळवायचे. थोडी फसवणूक आधीच टोचून ठेवली की पुढची बाधत नाही, अशी त्यामागची लसीची कल्पना. २०२३ मध्ये मोदिरुस्ता-गालियान आणि हायम या संशोधकांनी अशा खेळांचे आकडे पुन्हा तपासले, तर खेळाडू एकूणच जास्त संशयी झालेले दिसले, खऱ्या बातम्यांबाबतसुद्धा. त्याच वर्षी भारतासाठी केलेल्या व्हॉट्सॲपच्या धर्तीवरच्या खेळाची चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यातही म्हणावा असा परिणाम दिसला नाही. खेळ बनवणारी मंडळी आपली बाजू मांडत असतात, वाद मिटलेला नाही. मी काही संशोधक नाही, वाचनालयातली कार्यकर्ती आहे, तेव्हा हे तेवढ्याच हिशेबाने घ्या.

आता माझं ठाम मत. निम्मे पत्ते खरे ठेवा, आणि त्यातले काही लोणारसारखे अविश्वसनीय वाटणारे. खऱ्याला खोटं म्हटलं तर खोट्याला खरं म्हटल्याइतकेच गुण कापा. ‘माहीत नाही, शोधतो’ हे तिसरं उत्तर हवंच, पण त्याचे गुण कसं शोधलं ते दाखवल्यावर. घड्याळ लावून खेळणं मला पटत नाही. घाईत मेसेज पुढे पाठवणं हाच तर मूळ रोग.

एक पत्ता जरूर ठेवा: ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’. हे रंगीबेरंगी चित्र दर दिवाळीला मोबाइलवर फिरतं. मुलं ते चित्र इंटरनेटवर टाकून शोध घेतात तेव्हा कळतं की अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून तो नकाशा केला. कुठला रंग म्हणजे कुठल्या वर्षी वाढलेले दिवे. दिवाळीशी संबंध शून्य. आमच्याकडे एका मुलीने विचारलं, ‘चित्र खरं, मजकूर खोटा, मग गुण कुणाला?’ त्यावर वर्गात जी जुंपली, तेवढी दुसऱ्या कुठल्याच पत्त्यावर जुंपली नाही. मी तिच्या गटाला दिले. तुम्ही तुमचं ठरवा.

मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज पत्त्यांत घालू नका, हे अगदी कळकळीने. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यावर बोला, जरूर बोला, पण खेळ आटोपल्यावर, गुणांची वही मिटून.

मोबाइल किती मुलांकडे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसतील तर छापील पत्ते आणि शोधायला गटाला एक फोन, एवढ्यात भागतं. मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायच्या भानगडीत पडू नका, पालक रात्री अकराला फोन करतात. पत्ते काळे-पांढरे छापले तरी चालतात, फक्त तो दिवाळीचा रंगीत छापा. आमच्या झेरॉक्सवाल्याने पहिल्यांदा तोही काळा-पांढरा काढला आणि रंगांचा अर्थ शोधायचा कसा, तेच मुलांना कळेना.