क्लच लवकर गेला? आधी डावा पाय बघ

वीस हजार किलोमीटरलाच क्लच गेला म्हणून लगेच गाडीला दोष देऊ नकोस. गिअर टाकून झाला की डावा पाय पेडलवरून पूर्ण काढ. नुसता टेकवलास तरी रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग, झिजतं. त्याहून वाईट म्हणजे चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवणं, क्लच प्लेट तिथेच जळते. कात्रज घाटात ट्रॅफिक अडला की हँडब्रेक ओढ, न्यूट्रल कर. निघताना पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोड, गाडी ओढ घेतेय असं जाणवलं की मगच हँडब्रेक सोड. रिकाम्या चढावर आठवडाभर हे गिरव, खरंच जमतं.

चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर प्लेट घसरतेय. बदलताना प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदल. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा पडत नाही.